चुका मूळच्याच हव्यात

जॅग्वार ई-टाइप ही स्पोर्ट्स कार १९६१ ते १९७४ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरी, ब्राउन्स लेनच्या कारखान्यात तयार झाली. या काळात बहात्तर हजारांवर गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य बोटीने अमेरिकेला गेल्या. कारखान्याने ही गाडी एकदा तयार केली. तीच गाडी दुसऱ्यांदा तयार करण्याचे काम इंग्लंडभर विखुरलेल्या खास वर्कशॉपांमधून कित्येक वर्षे चालू आहे, आणि ते पहिल्यापेक्षा फार सावकाश, फार महाग आणि फार भक्तिभावाने चालते. पहिल्या खेपेला कामगाराचा एक डोळा कामावर आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळावर असे. दुसऱ्या खेपेला कारागिराचे दोन्ही डोळे पहिल्या कामगाराने काय करून ठेवले आहे यावर असतात. घाईत उरकलेले काम फुरसतीने आणि हुबेहूब करायचे, हे या धंद्याचे मूलतत्त्व आहे.

गाडीचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे, नाहीतर पुढचा खर्च समजत नाही. तिचा आकार माल्कम सेयर या अभियंत्याने ठरवला. तो विमानांच्या कारखान्यातून आलेला असल्यामुळे गाडीच्या वक्ररेषा तो हाताच्या ओघाने न काढता गणिताने सोडवत असे. पुढे ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, २६५ अश्वशक्ती, आणि ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा. हा वेग नियतकालिकांना चाचणीसाठी दिलेल्या गाड्यांनी जवळजवळ गाठलाही. त्या गाड्या कंपनीने विशेष निगुतीने सजवलेल्या होत्या, ही गोष्ट गिऱ्हाइकांच्या ध्यानात नंतर आली. किंमत साधारण २,१०० पौंड होती. एवढ्या पैशात एवढा वेग त्या काळी दुसरे कोणी देत नव्हते, आणि एवढे रूप तर मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये एक निळी ई-टाइप आपल्या कायम संग्रहात घेतली. तिथे तिला रोज सकाळी सुरू व्हावे लागत नाही, हा तिच्या आयुष्यातला मोठाच दिलासा म्हटला पाहिजे.

घाई या गाडीच्या जन्मापासून तिच्या मागे आहे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिचे अनावरण ठरले होते. बंद टपाची गाडी घेऊन निघालेला कंपनीचा माणूस बॉब बेरी रस्ताभर पाय दाबून आला आणि समारंभाच्या तोंडावर कसाबसा पोहोचला. लोकांनी फेरफटक्यासाठी इतकी गर्दी केली, की दुसरी गाडी मागवावी लागली. तेव्हा कंपनीचा चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस याला हातातले सगळे टाकून निघायला सांगण्यात आले, आणि तो उघडी गाडी रात्रभर हाकत कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला आला. साठ वर्षांनी, २०२१ मध्ये, कंपनीने या प्रसंगाच्या स्मरणार्थ जुन्या ई-टाइप गाड्यांच्या सहा जोड्या नव्याने सजवल्या आणि त्यांच्यासाठी दोन रंग मुद्दाम तयार केले. एकाचे नाव फ्लॅट आउट ग्रे आणि दुसऱ्याचे ड्रॉप एव्हरीथिंग ग्रीन. ऐनवेळच्या धावपळीला अशी रंगाच्या डब्यात जागा मिळाल्याचे उदाहरण विरळा.

सुरुवातीच्या गाड्यांत उणिवा भरपूर होत्या. पहिल्या पाचशेच्या आसपास गाड्यांना बॉनेटच्या कड्या बाहेरून होत्या आणि त्या उघडायला वेगळी किल्ली लागे. गाडीचा तळ सपाट असल्यामुळे उंच माणसाला पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न पडे. गिअरबॉक्सचा पहिला गिअर हट्टी होता, ब्रेक गाडीच्या वेगाच्या मानाने सोशिक स्वभावाचे होते, आणि सीटवर बसणाऱ्याला आपल्या पाठीच्या मणक्यांची वैयक्तिक ओळख होई. कंपनीने तक्रारी ऐकल्या. १९६२ मध्ये पायांसाठी तळ खोल केला. १९६४ च्या ४.२ लिटरच्या गाडीत गिअरबॉक्स, ब्रेक आणि सीट तिन्ही सुधारले. यावरून सुधारलेली गाडी आज महाग असेल असे कोणालाही वाटेल. बाजारात नेमके उलटे आहे. सपाट तळाच्या आणि बाहेरच्या कड्यांच्या गाड्यांना सर्वांत जास्त भाव येतो. ज्या गाडीत पाय मावत नाहीत, तिच्यासाठी हात अधिक सैल सोडावा लागतो.

अशी गाडी मिळवणे हा कामाचा पहिला टप्पा. चांगल्या स्थितीतली गाडी विकत घेणे सोपे आणि बहुधा स्वस्तही असते, म्हणून खरा शौकीन त्या वाटेला जात नाही. त्याला हवी असते ती गोठ्यात सापडलेली गाडी. कोणा शेतकऱ्याने तीस-चाळीस वर्षांपूर्वी गवताच्या गंजीमागे लावून दिलेली, कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार थाटलेली, चाकांतली हवा गेलेली. या धंद्यात धुळीला वेगळी किंमत आहे. फ्रान्समधल्या बायों कुटुंबाच्या शेतावर पडून राहिलेल्या ५९ गाड्यांचा फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला. त्यांत एकेकाळी नट आलें दलों याच्याकडे असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती. ती जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली आणि धुळीसकट मांडण्यात आली. तिला १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किंमत आली. लिलावाआधी ओल्या फडक्याने गाडी पुसणारा एखादा कर्तव्यदक्ष नोकर तिथे असता, तर मालकाचे किती नुकसान झाले असते याचा हिशेब करवत नाही.

ई-टाइपच्या बाबतीत दुसरा मार्ग म्हणजे अमेरिकेतून परत आणणे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो आणि आतले चामडे, रबर व डॅशबोर्ड उन्हाने तडकतात. इंग्लंडच्या हवेत चामडे टिकते आणि पत्रा जातो, कारण हिवाळ्यात तिथे रस्त्यावर मीठ टाकतात. दोन्हीकडचे चांगले तेवढे घेऊन एक गाडी करावी, असा विचार अनेकांना सुचतो. तो सुचला की त्या माणसाकडे दोन गाड्या होतात. तिसरा प्रकार खोक्यातल्या गाडीचा. मालकाने उत्साहाच्या भरात घरीच गाडी उघडलेली असते, पहिल्या हिवाळ्यात उत्साह गेलेला असतो, आणि वीस वर्षांनी टेम्पोतून वर्कशॉपच्या दारात एक सांगाडा व साठ-सत्तर खोकी उतरतात. खोक्यांवर ‘किरकोळ’, ‘किरकोळ २’ आणि ‘बहुतेक गिअरबॉक्स’ असे लिहिलेले असते. सगळे भाग आहेत, अशी ग्वाही मालक देतो. त्यातले काही दुसऱ्याच गाडीचे निघतात.

वर्कशॉपमध्ये गाडी आली की तिची तपासणी होते. हातात एक छोटे लोहचुंबक घेऊन मिस्त्री गाडीभोवती फिरतो. जिथे चुंबक चिकटते तिथे पत्रा आहे आणि जिथे गळून पडते तिथे पुट्टी आहे, एवढे साधे हे शास्त्र. फेरी पूर्ण झाली की गाडीच्या कोणत्या भागावर मालकाने प्रेम केले आणि कोणत्या भागावर पुट्टीने, हे कळते. मग खर्चाचा अंदाज मागितला जातो. अनुभवी वर्कशॉप आकडा सांगत नाही, तासाचा दर सांगते आणि खिडकीबाहेर पाहते. पूर्ण गाडी उघडून नव्याने बांधायला दोन हजारांच्या वर तास सहज लागतात, म्हणजे एका माणसाचे वर्षभराचे काम. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, या म्हणीत तिसरे कलम घालायला इंग्लंडात भरपूर आधार आहे. फरक इतकाच, की घरात राहता येते आणि लग्नात निदान जेवण मिळते. दुरुस्तीचा एकूण खर्च तयार गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होणे ही अपवादाची गोष्ट नाही. तसे झाले की मालक गुंतवणूक हा शब्द वापरायचे सोडून वारसा म्हणू लागतो.

उघडणे हे काम दिसायला सोपे आहे. प्रत्येक भागाचा फोटो काढायचा, भाग पिशवीत घालायचा, पिशवीवर चिठ्ठी लावायची. गंजलेला बोल्ट पाना लावल्यावर फिरतो किंवा तुटतो, बहुधा तुटतो. तरी बोल्ट फेकून देता येत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर त्या काळच्या उत्पादकाची खूण असते. नवा बोल्ट अधिक मजबूत असतो, पण त्याच्या डोक्यावर चुकीची अक्षरे असतात. म्हणून जुने बोल्ट साफ करून, मुलामा चढवून परत बसवतात. मधल्या काळात गाडी हाताळलेल्या मिस्त्र्यांच्या खुणाही याच वेळी उजेडात येतात: दाराखाली खुपसलेली जाळी, तिच्यावर थापलेली पुट्टी, कुठे बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. त्या मिस्त्र्यांची स्मृती वर्कशॉपमध्ये फार काळ आणि फार मोठ्याने जागवली जाते.

पत्र्याचे काम हा या व्यवसायाचा गाभा आणि बिलाचाही. ई-टाइपचा मधला भाग पत्र्याच्या पेटीसारखा एकसंध आहे आणि त्याच्या पुढे पोलादी नळ्यांची चौकट बोल्टांनी जोडलेली आहे. इंजिन, पुढची चाके आणि भलेमोठे बॉनेट हा सगळा संसार त्या नळ्यांवर उभा असतो. नळ्यांना आतून गंज लागतो, बाहेरून त्या ठणठणीत दिसतात. दाराखालच्या सिल आतून किती कुजल्या हे तर बाहेरून दिसतच नाही, आणि गाडीची ताकद त्यांच्यातच असते. रंग आणि पुट्टी खरवडून सांगाडा उघडा केला की मालकाला बोलावतात. हा प्रसंग नाजूक असतो. मालकाने आठ महिन्यांपूर्वी एक लाल रंगाची गाडी दिलेली असते आणि आता त्याला एक भोकांची रचना दाखवण्यात येते, जिच्या कडेकडेने थोडासा पत्रा आहे. मिस्त्री मात्र खुशीत असतो. याहून वाईट त्याने पाहिलेले असते, आणि तेही तो सांगतो.

सांगाडा मग लोखंडी जिगवर आवळतात, म्हणजे कुजलेला तळ कापताना उरलेली गाडी केळ्यासारखी वाकत नाही. नवे तळ, नव्या सिल, नवी मागची मडगार्डे वेल्डिंगने बसतात. सुटे भाग बनवणारे लहान कारखाने आजही आहेत. त्यांचा प्रत्येक भाग थोडे कापल्यावर, थोडे ठोकल्यावर आणि थोडे बोलल्यावर बसतो. सर्वांत अवघड काम बॉनेटचे. गाडीच्या लांबीचा जवळजवळ निम्मा भाग व्यापणारे हे झाकण अनेक तुकडे जोडून केलेले असते आणि पुढच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे ते तोंड खाली घालून उघडते. डावीकडची फट बरोबर आली की उजवीकडची बिघडते, दोन्ही जमल्या की दार लागत नाही, दार लावले की डावीकडची पुन्हा पाहावी लागते. या एका झाकणावर कित्येक आठवडे जातात. काम करणारा माणूस त्या काळात फारसे बोलत नाही आणि त्याला कोणी काही विचारतही नाही.

सांधे बुजवायला मूळ कारखान्यात शिसे वापरत. म्हणून चोख वर्कशॉपमध्येही आज शिसेच वापरतात. पत्रा तापवायचा, कथलाचा हात द्यायचा, शिशाची कांडी वितळवायची आणि चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने ते लोण्याच्या घट्टपणाला आले की पसरायचे, मग कानशीने घासायचे. आधुनिक पुट्टीने हेच काम पाव वेळात आणि विषाची धास्ती न घेता होते, रंग चढल्यावर फरक चुंबकालाही कळत नाही, कारण शिशालाही ते चिकटत नाही. तरीही मालकाला शिसेच हवे असते. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मोजण्याची तयारी असल्याशिवाय या व्यवसायात कोणी गिऱ्हाईक होत नाही.

इथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. १९६१ मध्ये दार आणि बॉनेट यांमधल्या फटी काही सारख्या नव्हत्या. एका बाजूने नाणे जाई आणि दुसऱ्या बाजूने बोट. आजचा कारागीर अडीचशे तास घालून फट वरपासून खालपर्यंत एकसारखी करतो आणि जाणकार येऊन म्हणतो, की अशी ती कधीच नव्हती. मग प्रश्न असा पडतो, की बिघडवलेले किती प्रमाणात परत बिघडवायचे. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटच्या शौकिनांनी या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला आहे. कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने मारलेल्या खुणा, रंगाचे उडालेले फवारे, घाईत सुटलेले ओघळ, हे सगळे जुन्या फोटोंवरून अभ्यासून ते पुन्हा जागच्या जागी काढतात. साठ वर्षांपूर्वी कोणी कामगार शनिवारच्या विचारात असताना रंगाचे पिस्तूल जरा जास्त हलले असेल, तर ते किती हलले हे आज तज्ज्ञ माणूस मोजून ठरवतो.

इंजिनाचे काम त्या मानाने सरळ आहे. जॅग्वारचे हे इंजिन १९४८ मध्ये पहिल्यांदा दिसले आणि कंपनीच्या निरनिराळ्या गाड्यांतून थेट १९९२ पर्यंत बनत राहिले, त्यामुळे ते जाणणारे हात आणि त्याचे भाग दोन्ही मिळतात. बोअर करणे, क्रँक घासणे, पिस्टन, रिंगा, साखळ्या बदलणे, तीन एसयू कार्बुरेटर एका सुरात आणणे. शेवटच्या कामासाठी मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बुरेटरच्या तोंडाशी धरतो आणि डोळे मिटून ऐकतो. तेल गळणे ही मात्र स्वतंत्र बाब आहे. ४.२ लिटरच्या इंजिनात मागच्या बाजूला तेल अडवायला दोरीचे सील होते. दोरीने तेल किती काळ अडावे यावर मतभेद असू शकतात. आज त्या जागी आधुनिक सील बसवता येते आणि बरेच जण बसवतात, पण मग तळाशी तेलाचा थेंब दिसला नाही की मालक घाबरून तेलाची पातळी तपासतो.

विजेचे सगळे सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे. या कंपनीच्या संस्थापकाला ब्रिटिश मोटारवाल्यांनी अंधाराचा राजपुत्र अशी पदवी बहाल केली आणि तिच्या स्विचला बंद, मंद आणि लुकलुक अशा तीन अवस्था असतात, असा विनोद पिढ्यानपिढ्या चालवला. यात थोडा अन्याय आहे. कित्येक वेळा दोष लुकासचा नसून ओल्या हवेचा आणि ढिल्या अर्थिंगचा असतो. ३.८ लिटरच्या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या नेमकी उलट. हे विसरून कोणी आधुनिक यंत्र जोडले की वायरीतून धूर येतो. नवी वायरिंग जुन्या पद्धतीने सुती विणीत गुंडाळून मिळते, रंगही तेच, आणि विणीच्या आत मात्र आधुनिक प्लॅस्टिक. हा या व्यवसायातला सर्वमान्य सभ्य लबाडीचा प्रकार आहे. जुन्या डायनॅमोच्या कवचात अल्टरनेटर लपवतात, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन लपवतात, आणि मग गाडी किती मूळची आहे हे अभिमानाने सांगतात. ब्रेकच्या बाबतीत तर धर्मनिष्ठ मालकही गुपचूप सुधारणा करून घेतो. जिवाचा प्रश्न आला की इतिहास थोडा बाजूला सरकतो.

रंग आणि आतले काम यांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे वाद कमी आणि वाट पाहणे जास्त असते. रंगाच्या खोलीत धुळीचा एक कण आला तर पुन्हा घासणे. चामडे, गालिचे आणि टप यांसाठी वेगळा कारागीर, आणि तो नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत गुंतलेला असतो.

मग येतो कागदांचा भाग, जो लोखंडापेक्षा अधिक मौल्यवान ठरतो. जॅग्वारच्या वारसा न्यासाकडून जुन्या नोंदींवरून दाखला मिळतो. त्यात चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे मूळ क्रमांक, मूळ रंग आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली हे लिहिलेले असते. चारही क्रमांक जुळले तर गाडीचा भाव वाढतो. इंजिन फुटले म्हणून पहिल्या मालकाने १९६६ मध्ये शहाणपणाने नवे बसवले असेल, तर आज ते पाप मानले जाते. मालकाने दिलेल्या रंगाचेही तसेच आहे. मूळ दाखल्यात गाडी बेज रंगाची निघाली, तर सुंदर लाल गाडीला परत बेज व्हावे लागते.

पण इतके भाग बदलल्यावर ती गाडी तीच राहते का, हा प्रश्न ब्रिटनच्या नोंदणी खात्याने वर्षानुवर्षे गुण देऊन सोडवला. नव्याने बांधलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर किमान आठ गुण लागत. चेसिस किंवा एकसंध बॉडीला पाच, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आदी भाग आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला एक. चेसिस मूळ नसले तरी त्याच बनावटीचे कोरे करकरीत चालत असे, फक्त पावती हवी. म्हणजे गाडीचा आत्मा इंजिनात असतो असे मानणाऱ्या सगळ्या कवींना सरकारने एक गुण दिला आणि पावतीला पाच.

न्यायालयाने याहून उदार भूमिका घेतली आहे. १९२९ आणि १९३० मध्ये ल माँची शर्यत जिंकलेली ओल्ड नंबर वन ही बेंटली गाडी १९९० मध्ये एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. खरेदीदाराने नंतर माघार घेतली आणि ही मूळ गाडीच नव्हे असे म्हटले. साक्षीपुराव्यात निघाले, की १९२९ च्या गाडीचे काळ ठरवता न येणारे किरकोळ भाग सोडले तर काही उरलेले नाही. १९३० च्या गाडीतले पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच तग धरून होते. तरी गाडीचा इतिहास अखंड आहे, ती एकदम दुसरी कधी झाली नाही, बदल होत होत इथवर आली, असा निवाडा देऊन न्यायमूर्तींनी ती ओल्ड नंबर वनच आहे असे ठरवले. स्टिअरिंगच्या दांड्याला इतका मान क्वचित मिळाला असेल.

खुद्द जॅग्वारच्या कारखान्याने तर यापुढची पायरी गाठली. १९६३ मध्ये अॅल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइपसाठी १८ क्रमांक राखले होते आणि गाड्या बाराच झाल्या. उरलेले सहा क्रमांक पन्नास वर्षे वहीत पडून होते. २०१४ मध्ये कंपनीने ते सापडल्याचे जाहीर करून सहा गाड्या बनवल्या. मूळ गाडीची एक बाजू संगणकावर मापून तीच उलटवून दुसरी बाजू केली, त्यामुळे १९६३ मध्ये न जमलेला सारखेपणा त्यांना लाभला. मग १९५७ मध्ये कारखान्याला लागलेल्या आगीत जळालेल्या जॅग्वारच्याच नऊ एक्सकेएसएस गाड्यांची आठवण झाली, आणि त्याही, प्रत्येकी दहा लाख पौंडांहून अधिक किमतीला, नव्याने जन्माला आल्या. २०१७ मध्ये कॉव्हेंट्रीजवळ कंपनीने जुन्या गाड्यांसाठी मोठे वर्कशॉप उघडले. त्याच साली आपणच शोधून पूर्ण नूतनीकरण केलेली ई-टाइप तिने २,८५,००० पौंडांपासून विकायला काढली. मूळ किंमत २,१०० पौंड होती हे वर आलेच आहे. २००८ पासून ही कंपनी टाटांची असल्यामुळे या उलाढालीचा शेवटचा हिशेब मुंबईत बॉम्बे हाउसपर्यंत पोहोचतो. ब्रिटिशांनी आपल्याच जुन्या गाडीसाठी सव्वाशेपटींहून जास्त पैसे मोजावेत आणि ते फोर्टात जमा व्हावेत, यात इतिहासप्रेमी मराठी वाचकाला काही गैर वाटण्याचे कारण नाही.

तयार गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तर परीक्षकांची गाठ पडते. अमेरिकेतल्या जॅग्वार क्लबांत शंभर गुणांपासून सुरुवात करून चुकांचे गुण वजा करतात आणि निकाल दशांशात जातो. ९९.९८ गुण मिळवलेला मालक उरलेले दोन शतांश कुठे गेले याचा वर्षभर शोध घेतो. ते बहुधा रबरी नळीवरच्या चुकीच्या पट्टीत सापडतात. दुसरीकडे एक उलटा पंथही वाढतो आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत नूतनीकरणापेक्षा जतनाला आधी स्थान दिले आहे. मूळ रंग उडालेला असला तरी तो मूळचा आहे, म्हणून हात लावू नये, असे हा पंथ सांगतो. मोठमोठ्या प्रदर्शनांत आता न दुरुस्त केलेल्या गाड्यांचे वेगळे वर्ग असतात आणि फाटक्या सीटला बक्षीस मिळते. दोन हजार तास घालून नुकतीच गाडी चकचकीत करून घेतलेला मालक त्या वर्गासमोरून जरा भरभर चालतो.

गाडी ताब्यात देताना वर्कशॉप तिला काही शे मैल स्वतः फिरवते. या फेऱ्यांत काहीतरी खडखडते, काहीतरी वितळते आणि काहीतरी गळते, आणि ते सगळे क्रमाने दुरुस्त होते. मालकाला सूचना दिल्या जातात: सुरुवातीला इंजिन फार पळवू नये, आऱ्यांच्या चाकांचे मधले नट सोबतच्या तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट ठेवावेत आणि दोन बाजूंच्या आट्या उलट आहेत हे लक्षात ठेवावे, पहिल्या ५०० मैलांनंतर तेल बदलायला आणि हेडचे नट तपासायला गाडी आणावी. चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून तिला रस्ताकर माफ असतो आणि वार्षिक तपासणीतूनही सूट असते. सूचनेप्रमाणे गाडी ५०० मैलांनी परत यायची, पण पावसात बाहेर काढायची नाही, मीठ टाकलेल्या रस्त्यावर न्यायची नाही आणि सुपरमार्केटच्या आवारात कोणी दार आपटेल म्हणून तिथेही लावायची नाही, असे ठरल्यामुळे तो आकडा गाठायला इंग्लंडात दोन-तीन वर्षे लागतात. तोवर तेल वापराने नाही तरी वयाने बदलण्याजोगे झालेले असते, आणि ते बदलताना तासाचा नवा दर लागतो.